खारीचं पिल्लू: पोट फुगलंय, नाकातून दूध येतंय, तर आधी दूध थांबवा

तुमचा प्रश्न वाचला दादा. आधी घाईचं सांगते, बाकीचं नंतर निवांत वाचा. हातातला ड्रॉपर खाली ठेवा. आज रात्री दूध नाही म्हणजे नाही, एक थेंबसुद्धा नाही. पिल्लाला ऊब द्या, ते हाताला कोमट लागायला लागलं की ओआरएस अगदी थोडं, आणि उद्या सकाळी दवाखाना उघडला की पहिला नंबर तुमचा. भुकेने ते एका रात्रीत मरणार नाही. थंडीने मरेल किंवा छातीत गेलेल्या दुधाने मरेल.

आता बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून प्रश्न थोडक्यात. साताऱ्याचे हे दादा, दारातल्या नारळाच्या झावळ्या पावसाळ्याआधी उतरवून घेताना खारीचं घरटं खाली आलं, दोन पिल्लं होती, एक त्याच दिवशी गेलं. दुसरं चार दिवस घरात आहे, डोळे अजून मिटलेले. गायीच्या दुधात निम्मं पाणी घालून ड्रॉपरने पाजतायत, आजीने मधही चाटवलाय. आता पोट ढोलकीसारखं झालंय, शी पातळ पिवळी आहे, पिताना नाकातून दूध येतं, श्वास घेताना बारीक टक टक आवाज येतो आणि मागचे पाय ओढल्यासारखे वाटतात. विचारलंय की कुठलं औषध द्यायचं, पाय नीट होतील का, आणि वाचलं तर पाळता येईल का.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. पुण्यात राहते, बारा-तेरा वर्षं खारींची अनाथ पिल्लं वाढवून सोडायचं काम करतेय, एका व्हेटच्या हाताखाली शिकले आणि अजूनही औषधाचा प्रत्येक थेंब त्यांना विचारूनच देते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते अनुभवाचं आहे, पण तुमचं पिल्लू मी हातात घेतलेलं नाही, फोटोही अंधुक आहे, तेव्हा काही गोष्टी “असं असेल तर असं” याच भाषेत येतील.

तुम्ही औषध विचारलंत, पण मला वाटतं तुमच्याकडे पाच वेगवेगळे आजार नाहीयेत, एकच साखळी आहे आणि तिची सुरुवात थंडीपासून झालीय. डोळे मिटलेलं खारीचं पिल्लू म्हणजे जेमतेम वीसेक ग्रॅमचा जीव, त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, ते काम आईचं अंग आणि काथ्या-कापसाचं घरटं करत असतं. अंग थंड पडलं की आतडी काम थांबवतात. मग वरून कितीही चांगलं दूध घाला, ते पोटात तसंच पडून राहतं, आंबतं, गॅस होतो, पोट फुगतं. फुगलेलं पोट छातीवर दाब टाकतं, म्हणून श्वास जलद होतो. जलद श्वास घेणाऱ्या पिल्लाला आपण ड्रॉपरने पाजतो, ते श्वासाबरोबर दूध ओढतं आणि दूध जातं नाकात आणि छातीत. बघा, पोट, शी, नाक, टक टक, सगळं एकाच दोरीत ओवलेलं. म्हणून नुसतं जुलाबाचं औषध किंवा नुसतं गॅसचं औषध देऊन काही होत नाही.

त्यात गायीचं दूध. खारीच्या दुधात फॅट आणि प्रोटीन भरपूर आणि साखर कमी असते, गायीच्या दुधात फॅट-प्रोटीन त्यामानाने फारच कमी आणि लॅक्टोज जास्त. हे लॅक्टोज पिल्लाला पचत नाही, त्याचे जुलाब होतात. लोक म्हणतात “जड पडू नये म्हणून पाणी घातलं”. अहो, पाणी घातल्याने लॅक्टोज थोडं कमी होतं पण ताकद निम्मी होते, मग पिल्लू सारखं ओरडतं, मग आपण जास्त पाजतो, आणि पोट आणखी फुगतं. तुम्हाला दोष देत नाहीये. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं, तीन पिल्लं होती, त्यातलं एक माझ्या हातात दूध पिता पितानाच गेलं कारण मी नेम धरून तोंडात पिचकारी मारली होती. ते चिमूटभर अंग तळहातावर सैल पडलेलं अजून आठवतं, तेव्हापासून ड्रॉपर या वस्तूवर माझा राग आहे तो आहेच.

तर ऊब. बुटाचं खोकं घ्या, बाजूंना भोकं पाडा. आत जुना मऊ टी-शर्ट किंवा फ्लीसचा तुकडा. टर्किशचा टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फाशांमध्ये नखं अडकतात आणि पिल्लू बोट पिळून घेतं. सुटा कापूसही नको, तो ओल्या तोंडाला चिकटतो आणि पायाला गुंडाळला जातो, मी एका पिल्लाच्या घोट्याला कापसाचा तंतू असा आवळलेला पाहिलाय की पंजा काळा पडला होता. गरम पाण्याची पिशवी किंवा जाड मोज्यात कच्चे तांदूळ भरून, गाठ मारून, मायक्रोवेव्ह नाहीतर तव्यावर गरम करून, वरून कापड गुंडाळून खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा. अर्ध्याच, कारण गरम झालं तर पिल्लाला सरकायला जागा हवी. मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघा, लहान बाळाच्या दुधाची बाटली बघतो तसं. सुखद वाटलं पाहिजे, चटका नको. दर दोन तासांनी बदलायला लागते ही पिशवी आणि रात्री तीनचा अलार्म लावावा लागतो, त्याला इलाज नाही. पिशवी गार झाली की तीच उलट पिल्लाची ऊब ओढून घेते. वरून बल्ब लटकवू नका, अंगातलं पाणी सुकतं.

खोक्याला मुंग्या लागतात हे कोणी सांगत नाही. दुधाचा वास असतोच. खोकं एका परातीत उपड्या वाट्यांवर ठेवा आणि परातीत पाणी घाला. मुंग्यांचा खडू किंवा पावडर जवळपास फिरवू नका, ते विष आहे.

आता अंगात पाणी आहे का ते बघायचं. मानेमागची कातडी चिमटीत हलकी उचला आणि सोडा. लगेच बसली तर ठीक, घडी उभी राहिली तर पाणी कमी आहे. चार दिवस जुलाब म्हटल्यावर तुमच्याकडे घडी उभी राहणार असं मी धरून चालते. ओआरएस म्हणजे मेडिकलमधलं साधं पाकीट, मोठं 21.8 ग्रॅमचं पाकीट पूर्ण 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. खूप जण “पिल्लू केवढंसं” म्हणून कपभर पाण्यात पाकिटातली चिमूट अंदाजाने टाकतात, ते प्रमाण चुकतं आणि मीठ जास्त झालं तर पिल्लू आणखी सुकतं. सगळं लिटरभरच करा, उरलेलं दुसऱ्या दिवशी फेका, स्वस्त आहे. दुकानातलं तयार फ्लेवरवालं सरबत नको. मध तर आता बंदच, आजीला माझा नमस्कार सांगा, त्यांची माया खरी आहे, पण फुगलेल्या पोटात साखर नको.

पाजायचं कसं. 1 मिलीची इन्सुलिनची सिरिंज आणा, सुई काढून टाका, सुई पक्की चिकटवलेली असते ती घेऊ नका, निघणाऱ्या सुईची मागा. पिल्लाला उताणं कधीच झोपवायचं नाही, माणसाचं बाळ नाही ते. पोट खाली, पाठ वर, फडक्यात गुंडाळलेलं, डोकं जरासं वर, जसं ते आईच्या पोटाला चिकटून पीत असतं तसं. सिरिंजचं टोक ओठाच्या कडेला लावायचं, एक थेंब टोकावर आणायचा आणि त्याने चाटेपर्यंत थांबायचं. आपण ढकलायचं नाही, त्याने ओढायचं. घाई करत असेल तर सिरिंज काढून घ्यायची, दोन श्वास घेऊ द्यायचे. नाकावर बुडबुडा आला की तिथेच थांबा, पिल्लाचं तोंड खाली करा, नाक टिश्यूने टिपा आणि त्या वेळचं पाजणं संपलं असं समजा. किती पाजायचं ते वजनावर. सोन्याचं वजन करतात तसला छोटा पॉकेट काटा मिळतो ऑनलाईन, तो घ्याच, नाहीतर ओळखीच्या सोनाराकडे जा, आमच्या गल्लीतले सोनार मला “खारवाल्या बाई” म्हणतात. वजनाच्या साधारण 5 टक्के हा एका वेळचा हिशोब, म्हणजे 20 ग्रॅमचं पिल्लू असेल तर 1 मिली. तुमच्या पिल्लाचं पोट फुगलेलं आहे म्हणून आज त्याच्या निम्मंच, अर्धा मिली ओआरएस, दर दोन-अडीच तासांनी. आणि दर वेळी आधी अंगाला हात लावून बघा, गार लागत असेल तर तेही द्यायचं नाही.

आता एक गोष्ट जी तुम्ही लिहिलीच नाहीत आणि मला शंका आहे की होतच नाहीये. शू. डोळे मिटलेल्या वयात पिल्लाला आपोआप शू-शी करता येत नाही, आई चाटते तेव्हा होते. तुम्ही चार दिवस नुसतं पाजत असाल तर पोट फुगण्याचं निम्मं कारण तिथे असू शकतं, गच्च भरलेलं ब्लॅडर हाताला गॅससारखंच टम्म लागतं. कोमट पाण्यात मऊ टिश्यू किंवा कापडाचं टोक बुडवून दोन पायांमध्ये हलकं हलकं टिपायचं, घासायचं नाही, आधी एकदा आणि पाजून झाल्यावर एकदा. मिनिटभर लागतो कधी कधी. पिवळा थेंब आला की समजा गाडी रुळावर आहे. गडद पिवळी, चिकट शू म्हणजे पाणी कमी. शू लाल आली किंवा दोन-तीन वेळा करूनही काहीच आली नाही तर सकाळची वाट बघू नका, रात्रीचा दवाखाना शोधा. शी नीट पचलेली असेल तर मोहरीपेक्षा जरा मोठी, मऊ, पिवळट-तपकिरी गोळी असते, तांदळाच्या दाण्याएवढी. पाणी पाणी असली की गडबड.

गॅससाठी मी घरात एवढंच करते. वाटीत कोमट पाणी, आंघोळीला लहान बाळाला चालेल इतपत, त्यात पिल्लाचं कमरेखालचं अंग धरायचं, छाती आणि डोकं आपल्या बोटांवर कोरडं, आणि अंगठ्याने पोटावरून खाली शेपटीकडे अगदी हलकं फिरवायचं. तीन-चार मिनिटं. बऱ्याचदा त्यातच फुस्स होतं आणि शी येते. लगेच कोरडं करून उबेत. पोट निळसर-काळपट दिसत असेल, हात लावल्यावर किंचाळत असेल तर हे करू नका, ती केस डॉक्टरांची. सिमेथिकोनचे लहान मुलांचे थेंब देतात काही जण, आम्हीही देतो, पण व्हेटला वजन सांगून. 20 ग्रॅमच्या जिवाला “एक थेंब” हा डोस असू शकत नाही, हे लक्षात ठेवा. घरात उरलेलं मुलांचं अँटिबायोटिक आणि तापाचं औषध तर अजिबात नको.

टक टक आवाजाचं मला जास्त टेन्शन आहे. खोलीतला पंखा-टीव्ही बंद करा, पिल्लू कानाजवळ धरा, पाठीच्या बाजूने. नाकात नुसतं दूध अडकलेलं असेल तर आवाज नाकाशी येतो, सूं सूं, आणि टिपल्यावर कमी होतो. छातीत गेलं असेल तर कोरडं फांदीचं टोक मोडावं तसा बारीक टिक टिक, प्रत्येक श्वासाला, आणि तो जात नाही. त्याबरोबर तोंड उघडून श्वास किंवा पोटाचे भाते ओढणं दिसलं तर तो न्यूमोनियाच धरायचा. याला घरगुती काही नाही. विक्सची वाफ, निलगिरी, हळद-दूध, काही नाही. अँटिबायोटिक लागतं आणि ते वेळेत सुरू झालं तर पिल्लं उठतात, मी उठलेली पाहिलीत. पण एखाद दिवस “बघू” म्हणून घालवला तर फरक पडतो.

व्हेटकडे जाताना एक तयारी. सगळ्या दवाखान्यांत खारीचं पिल्लू कोणी बघत नाही. मला एका ठिकाणी “उंदीरच आहे की, सोडून द्या” ऐकून परत यावं लागलंय. म्हणून आधी फोन करून “एक्झॉटिक किंवा वाइल्डलाइफ बघता का” असं विचारा, आणि कागदावर लिहून न्या: वजन, किती दिवसांपासून, काय पाजलं, शू-शी कशी, नाकातून दूध पहिल्यांदा कधी आलं. एवढं असलं की डॉक्टरही मनावर घेतात. वनविभागाचा 1926 हा टोल फ्री नंबर आहे, तिथे कळवा, ते जवळच्या माणसाशी जोडून देतात. पुण्यात आणता येत असेल तर बावधनला रेस्क्यू (RESQ) या संस्थेचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. मुंबईवाल्यांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतंच. पण साताऱ्याहून आज रात्री गाडी काढून पुण्याला पळू नका, थंड पडलेलं पिल्लू प्रवासात टिकत नाही. आधी गरम करा, सकाळी जवळचा डॉक्टर, मग पुढचं.

आता पाय. इथे जरा थांबून सांगते कारण खालच्या कमेंटमध्ये दोघांनी “कॅल्शियम द्या” लिहिलंय. कॅल्शियम कमी पडून हाडं मऊ होतात आणि मागचे पाय जातात हे खरं आहे, खारींमध्ये खूप दिसतं, पण ते दूध सुटून शेंगदाणे-बिस्किटांवर वाढलेल्या पिल्लांमध्ये, दोन-अडीच महिन्यांच्या आसपास. तुमचं डोळेही न उघडलेलं पिल्लू आहे. या वयात मुळात सगळीच पिल्लं पुढच्या पायांनी ओढत पोटावर सरकतात, मागचे पाय नंतर जोर धरतात. त्यात पोट टम्म असलं की पाय जमिनीला टेकतच नाहीत. म्हणजे हे कदाचित दुखणंच नसेल. पण ते झाडावरून पडलंय, त्यामुळे पाठीच्या कण्याला मार बसला असण्याची शक्यता मी पुसून टाकत नाही. घरी एवढं बघा: मागच्या पंजाचं बोट नखाने हळूच दाबा, पाय आत ओढून घेतो का? दोन्ही पाय सारखेच वागतात का? शेपटी हलते का? पाय ओढून घेत असेल तर मी निश्चिंत राहीन आणि आधी पोट-छाती बघेन. काहीच हालचाल नसेल, किंवा सतत शू गळत असेल, तर डॉक्टरांना तेच पहिलं सांगा. असं एक पिल्लू माझ्याकडे होतं, एकच पाय लुळा, सूज उतरायचं औषध डॉक्टरांनी दिलं आणि दहाएक दिवसांत पडद्यावर चढायला लागलं. दुसरं एक होतं त्याला नाही जमलं. दोन्ही होतं.

पडलेल्या पिल्लात अजून एक बघायचं. कान, नाकपुड्या, काखा, शेपटीखाली, कुठे तांदळाच्या कणीसारखा पांढरा पुंजका आहे का. ती माशीची अंडी. आपल्याकडे मे-जूनच्या दमटात काही तासांत त्याच्या अळ्या होतात. मऊ टूथब्रश कोरडाच फिरवून किंवा चिमट्याने एकेक काढा. गुरांच्या जखमेत घालतात तसलं टर्पेंटाईन कृपा करून घालू नका, एवढ्याशा कातडीतून ते अंगात जातं. आणि ज्यांना पिल्लू मांजराच्या तोंडातून मिळालंय त्यांच्यासाठी: जखम दिसो न दिसो, त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं. मांजराच्या दाताचं भोक टाचणीएवढं असतं, वर केस, काही दिसत नाही आणि दोन दिवसांत पिल्लू सेप्टिक होऊन जातं.

दूध परत कधी? पोट मऊ झालं, शी आली, चार-पाच वेळचं ओआरएस नीट पचलं की. गायीचं-म्हशीचं नाही, कुत्र्याच्या पिल्लांचं मिल्क रिप्लेसर, पावडर मिळते पेट शॉपमध्ये, बेबीडॉग किंवा लॅक्टोल, जे असेल ते. आपल्याकडे खारीसाठी वेगळं असं काही दुकानात मिळत नाही, यावरच आम्ही सगळे वाढवतो. पहिल्या दोन वेळेला डब्यावर लिहिलंय त्यापेक्षा बरंच पातळ, मग हळूहळू नेहमीचं. साताऱ्यात लगेच मिळालं नाही तर एखाद दिवस शेळीचं दूध चालवून घ्या, पण तो तात्पुरता उपाय. 1 मिलीचा हिशोब तोच, दर तीन तासांनी. लव कमी असलेल्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की प्यायल्यावर डाव्या कुशीत दुधाची पांढरी पट्टी दिसते. पुढच्या वेळी पाजायच्या आधी ती पट्टी जवळजवळ गेलेली असली पाहिजे. अजून ठळक दिसतेय म्हणजे पचलं नाही, पाजू नका, ऊब तपासा. मला कुठल्याही तक्त्यापेक्षा या पट्टीवर जास्त भरवसा आहे.

ओरडण्यावर मात्र जाऊ नका. आपल्याला वाटतं ची ची म्हणजे भूक. पहिल्या काही दिवसांत बहुतेक वेळा ती थंडी असते. आधी पिशवी बदला, दहा मिनिटं थांबा, निम्म्या वेळा गप्प होऊन झोपतं.

आईकडे परत द्यायचं का, असं एका ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडचं पिल्लू आजच सापडलंय आणि धडधाकट आहे, तर हो, सगळ्यात आधी तेच. माणसाचा हात लागला की आई घेत नाही हे आपल्याकडचं घट्ट बसलेलं खोटं आहे. खारीची दोन-तीन घरटी असतात, एक मोडलं की ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते. पिल्लू गरम करा, नारळाच्या करवंटीत नाहीतर छोट्या टोपलीत काथ्या घालून, खाली उबेची पिशवी, त्याच झाडाला माणसाच्या उंचीपेक्षा वर बांधा आणि घरात जाऊन खिडकीतून बघा. जवळ उभं राहून मोबाईल धरलात तर ती येणार नाही. कावळा आणि मांजर यांच्यावर मात्र नजर हवी. दोन-तीन तास, आणि उजेड असेपर्यंतच, कारण खार दिवसा फिरणारी, अंधार पडल्यावर ती येणार नाही, पिल्लू आत घ्या आणि सकाळी पुन्हा ठेवा. आमच्या सोसायटीत एसीच्या आउटडोअर युनिटमागचं घरटं मेकॅनिकने काढलं तेव्हा आई चाळीस मिनिटांत तिन्ही पिल्लं घेऊन गेली होती, तिसऱ्याच्या वेळी तर बाल्कनीत उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंच्या पायावरून गेली. पण सातारचे दादा, तुमचं पिल्लू चार दिवस आईपासून लांब आणि आजारी आहे, ते आत्ता झाडावर ठेवू नका.

पाळण्याचं विचारलंत. नाही. खार वन्यप्राणी आहे, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तिलाही लागू आहे, उपचारापुरतं सांभाळून वनविभागाला कळवणं वेगळं आणि पिंजऱ्यात ठेवणं वेगळं. कायदा बाजूला ठेवला तरी, मिटल्या डोळ्यांचं पिल्लू गोड असतं, तीन-चार महिन्यांची खार गोड नसते, ती चावते, पडदे फाडते आणि दिवसभर बाहेर जायला धडपडते. चावली तर साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन बघून घ्या. खारीकडून रेबीजची भीती फार कमी धरतात, तरी ते ठरवणारे आपण नाही. आणि कोयना-महाबळेश्वर बाजूच्या लोकांनी लक्षात घ्या, तपकिरी-लालसर, लांब झुपकेदार शेपटीचं मोठं पिल्लू असेल तर ती आपली साधी पट्ट्यांची खार नाही, शेकरू आहे, आपला राज्यप्राणी. तिथे घरगुती प्रयोग नकोतच, थेट वनविभाग.

पुढचं आत्ता फार सांगत नाही, पिल्लू तरलं की विचारा. डोळे साधारण तीन आठवड्यांच्या आसपास उघडतात, मग हळूहळू कोवळा पाला, पेरूची फोड, काकडी, शेवग्याचा पाला, सकाळचं कोवळं ऊन. शेंगदाणे-सूर्यफुलाच्या बिया सगळ्यात शेवटी आणि मोजून, त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, पायाचं दुखणं तिथूनच सुरू होतं. अडीच-तीन महिन्यांत झाडावर पाठवायचं, शक्यतो दुसऱ्या पिल्लाच्या जोडीने, आणि धो धो पाऊस नसलेला दिवस बघून, सकाळी.

आज रात्रीपुरतं पुन्हा एकदा, कारण घाईत माणूस विसरतो: ऊब, शू करवणं, कोमट झाल्यावरच अर्धा मिली ओआरएस, दूध बंद, मध बंद. श्वास तोंडाने घ्यायला लागला तर सकाळची वाट बघत थांबू नका. सकाळी सहाला वजन, शूचा रंग आणि बोट दाबल्यावर पाय ओढला का, एवढं इथेच लिहा, मी उठलेली असते. आणि फोटो काढताना फ्लॅश नको, खिडकीपाशी उजेडात, पोटाची डावी बाजू दिसेल असा.